मुक्कामाचे गणित : हिमालयातील पायवाटा आणि आपण

वसंत व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे आपल्याकडे उन्हाचा कहर. ह्याच दिवसांत शाळांना सुटी लागते, कचेरीतून रजा मिळण्याची आशा वाटू लागते आणि घरोघरी थंड हवेच्या ठिकाणांची नावे निघतात. हिमालयाचे नाव निघाले की मात्र बोलण्याला दोन फाटे फुटतात. एक पक्ष म्हणतो, ते काम दोर आणि कुऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या गिर्यारोहकांचे. कापूस-सोयाबीनच्या मुलखातील माणसाने त्या फंदात पडू नये. दुसरा पक्ष म्हणतो, त्यात अवघड ते काय? मोटार करावी, पहाटे शिखर पाहावे, चहा घ्यावा आणि खाली यावे. ह्या दोन्ही मतांच्या मधोमध एक तिसरा मार्ग आहे. रोज एक मजल पायी चालावी, संध्याकाळी छपराखाली पाठ टेकावी आणि सकाळी पुढच्या छपराकडे निघावे. हा मार्ग साध्या प्रकृतीच्या नागरिकाला खुला आहे. मात्र त्याचे स्वतःचे एक गणित आहे, आणि ते न मांडता निघालेल्यांवर प्रसंग ओढवतात. ते गणितच येथे उलगडून सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभी शब्द स्पष्ट करून घेऊ. सकाळी निघून डोंगरात हिंडावे आणि त्याच संध्याकाळी निघाल्या ठिकाणी परत यावे, ही झाली दिवसाची फेरी. एका निवाऱ्याहून दुसऱ्या निवाऱ्याकडे अनेक दिवस चालत जाणे, ही झाली मुक्कामामागून मुक्काम गाठण्याची पदयात्रा. दोर बांधून बर्फाचे कडे चढणे हे गिर्यारोहण. ते शास्त्र निराळे, त्याचे शिक्षण निराळे. पहिल्या दोन गोष्टींना लागतात ते दोन पाय, थोडी तयारी आणि पुष्कळसा विवेक.

मुक्कामांनी बांधलेली ही चाल आपल्याला परकी नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपुराकडे निघते, तेव्हा ती मालेगाव-रिसोडकडून आपल्याच जिल्ह्यातून जाते. सुमारे महिनाभराची ती वाटचाल म्हातारी माणसेदेखील कशी पार पाडतात? त्यांच्या अंगात पैलवानाचे बळ असते म्हणून नव्हे. आजची मजल कोठे संपणार, भाकर कोठे मिळणार आणि पाठ कोठे टेकावयाची, हे आधी ठरलेले असते म्हणून. हिमालयातही हेच होते. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी बदरी-केदारची यात्रा चट्ट्यांच्या आधाराने चाले. चट्टी म्हणजे वाटेवरचे साधे छप्पर. तेथील दुकानदाराकडून शिधा विकत घेतला की राहण्याची जागा आणि स्वयंपाकाची भांडी फुकट मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबा काली कमलीवाले यांनी ह्या वाटांवर धर्मशाळा व सदावर्ते घालण्याचे मोठे काम उभे केले. त्याही आधी अहिल्याबाई होळकरांनी बदरी-केदारला यात्रेकरूंची सोय लावून दिली होती. दोन मुक्कामांमधले अंतर माणसाच्या एका दिवसाच्या चालीएवढे असावे, हे शहाणपण ह्या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी होते.

युरोपातही तेच शहाणपण निराळ्या वेषात दिसते. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने डोंगरावर पहिली झोपडी बांधली. पाच वर्षांनी, १८६८ साली, नॉर्वेत पदभ्रमण संघ निघाला. आज त्या संघाच्या पाचशेच्या वर झोपड्या आहेत. त्यांपैकी कित्येकांत राखणदार नसतो. सभासदाजवळ एक किल्ली असते. तिने दार उघडावे, कोठीतील डबे वापरावेत, काय वापरले ते कागदावर लिहावे, त्याचे पैसे भरावेत आणि निघताना सरपण फोडून व जमीन झाडून ठेवावी, अशी रीत. वाटेवरील दगडांवर तांबड्या रंगात ट हे त्यांचे रोमन अक्षर काढलेले असते, त्यावरून धुक्यातही वाट सापडते. चट्टी धर्मबुद्धीवर चालली आणि ही झोपडी परस्परविश्वासावर चालते; पण दोहोंचा हेतू एकच, की सामान्य माणसाला डोंगर चालता यावा.

आता आपल्या देशातील एक वाट उदाहरणादाखल घेऊ. उत्तराखंडात बागेश्वर जिल्ह्यात पिंडारी हिमनदी आहे. तिच्यातून निघणारी पिंडर नदी कर्णप्रयागला अलकनंदेस मिळते. ह्या वाटेवर इंग्रजी अमदानीपासून डाकबंगले आहेत आणि पुढे कुमाऊं मंडल विकास निगमानेही विश्रामगृहे उभारली. जुन्या वाटेने गेल्यास मुक्काम असे पडतात : लोहारखेतहून धाकुडी ११ किलोमीटर, धाकुडीहून खाती ८, खातीहून द्वाली ११, द्वालीहून फुरकिया ५, आणि फुरकियाहून हिमनदीसमोरच्या टोकापर्यंत ७. त्या टोकाला झीरो पॉइंट म्हणतात. तेथे रात्र काढावयाची नसते, दर्शन घेऊन त्याच दिवशी मागे फिरावयाचे असते. खाती हे वाटेवरचे शेवटचे गाव. द्वालीला कफनी नदी पिंडरला मिळते. फुरकिया सुमारे ३,२६० मीटर उंचीवर आहे आणि झीरो पॉइंट ३,६०० मीटरांच्याही वर.

हे आकडे पाहून वाशीमचा माणूस म्हणेल, पाच किलोमीटर ही काय मजल झाली? आम्ही सकाळच्या फेरफटक्यात तेवढे चालतो. येथेच गणिताचा पहिला धडा येतो. डोंगरात किलोमीटर आडवे मोजून भागत नाही, उभेही मोजावे लागतात. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम घालून दिला. आजच्या मापात तो असा : दर पाच किलोमीटर चालीस एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास मिळवावा. लोहारखेत-धाकुडीच्या मजलेत ११ किलोमीटर चाल आहे आणि खिंडीपर्यंत सुमारे १,१०० मीटर चढण आहे. चालीचे सव्वादोन तास, चढणीचे पावणेदोन तास, मिळून चार तास. पण हा हिशेब सराईत, धडधाकट माणसाचा. पाठीवर ओझे, विरळ हवा, छायाचित्रांसाठी थांबणे आणि सोबतचा दमलेला मेहुणा ही सर्व जमेस धरली की निम्मे आणखी मिळवावेत. म्हणजे झाले सहा तास. सकाळी सातला निघालेला गट दुपारी एक-दोनपर्यंत छपराखाली पोहोचतो. हिमालयात दुपारनंतर ढग दाटतात आणि पाऊस किंवा गारा कोसळतात. मजल मुद्दाम आखूड ठेवतात ती ह्यासाठी.

दुसरा धडा ओझ्याचा. तंबू, स्टो, इंधन, भांडी आणि पाच दिवसांचा शिधा घेतला की पाठीवर अठरा-वीस किलो सहज होतात. पुढे छप्पर, पांघरूण व गरम डाळभात मिळणार आहे हे ठाऊक असेल तर तेच ओझे सात-आठ किलोंवर येते. त्यात काय असावे? एक लोकरीचा स्वेटर, वाराही न शिरणारे जाकीट, पावसाचा अंगरखा, सुक्या कपड्यांचा एक जोड, दोन जोड मोजे, कानटोपी, विजेरी, पाण्याची बाटली, थोडे गूळ-शेंगदाणे, औषधांची लहान पिशवी, आणि ओला कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी. बूट नवे असले तर महिनाभर गावातच वापरून मऊ करून घ्यावेत. उंची दर हजार मीटर वाढली की तपमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे केवळ उंचीमुळेच फुरकियाला आपल्यापेक्षा सतरा-अठरा अंशांनी थंडी अधिक, आणि रात्री ती आणखी वाढते. मे महिन्यात घामाने भिजत गाडीत बसणाऱ्याला ही गोष्ट पटत नाही, आणि स्वेटर घरीच राहतो.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, तो श्वासाचा. उंचावर हवेचा दाब कमी होतो. झीरो पॉइंटला एका श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू वाशीमच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच असतो. शरीर ह्या उणिवेशी जुळवून घेते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांनी सर्वसाधारण नियम सांगितला आहे तो असा, की ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपण्यास उतरणे हे चांगले. आपल्या उदाहरणातील वाटेची रचना पाहा. धाकुडीहून खातीला वाट चक्क उतरते, मग द्वालीला थोडी चढते आणि त्यानंतर फुरकिया येते; झीरो पॉइंटला तर माणूस जाऊन त्याच दिवशी खाली येतो. जुन्या लोकांनी दाबमापक न वापरता बांधलेले मुक्काम आजच्या वैद्यकाशी असे जुळतात.

हवा न मानवल्याची पहिली लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे. एवढ्यावर थांबून विसावा घेतला तर बहुधा बरे वाटते. परंतु बसल्या जागी धाप लागू लागली, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला, पावले दारू प्यालेल्या माणसासारखी पडू लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तो जीवघेणा प्रकार समजावा. त्यावर खात्रीचा उपाय एकच, आणि तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे. उजाडण्याची वाट पाहू नये. रोगी सांगतो की मला काही झालेले नाही, त्यावर विश्वास ठेवू नये. गोळ्या आहेत, पण त्या निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्याव्यात. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी तर विचारल्याखेरीज पाऊलच उचलू नये.

येथपर्यंत झाली बेरीज-वजाबाकी. खरी कसोटी निराळीच आहे. ती पायांची नसून मनाची आहे. नॉर्वेत १९६७ साली ईस्टरच्या सुटीत डोंगरात अठरा माणसे मृत्यू पावली. त्यानंतर तेथील पदभ्रमण संघाने व रेडक्रॉसने डोंगरात वागण्याचे नियम घरोघरी पोहोचविले. त्यांतील एक नियम त्या देशात लहान मुलांच्याही तोंडी बसला आहे. त्याचा आशय असा, की वेळीच मागे वळण्यात कसलीही लाज नाही. आपल्याकडे जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर, चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फाच्या वादळात सापडून पदयात्रींपैकी नऊ जण दगावले. त्यांतील बहुतेक कर्नाटकातले होते. ते तळाकडे परतत असता वादळाने गाठले. कोणावर ठपका ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हवामान फिरले असता दोन मुक्कामांच्या मधला उघडा पट्टा किती निर्दय होतो, एवढेच ध्यानी यावे.

आपल्या माणसाला मागे वळणे अवघड का जाते, ह्याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. रजा महिनोन्‌महिने आधी मागितलेली असते. अकोल्याहून किंवा भुसावळहून दिल्ली, तेथून काठगोदाम, पुढे अल्मोडा-बागेश्वरपर्यंत बस, एवढा दोन-तीन दिवसांचा प्रवास झालेला असतो. पैसे भरलेले असतात आणि गल्लीत सर्वांना सांगून झालेले असते. अशा माणसाला शेवटचे दोन किलोमीटर राहिले असता परत फिर म्हणणे म्हणजे पंक्तीत बसलेल्याला ताटावरून उठविण्यासारखे. म्हणूनच हा निर्णय डोंगरात घेऊ नये, आदल्या रात्री मुक्कामावर घ्यावा. उद्या अमुक वाजता आपण जेथे असू तेथून मागे फिरावयाचे, हे छपराखाली, पोट भरलेले असताना, सर्वांसमक्ष ठरवावे. फुरकियाहून पहाटे निघालेल्या गटाने सकाळी दहाची वेळ ठरविली, तर दहाला तो झीरो पॉइंटला असो वा एक किलोमीटर अलीकडे असो, त्याने फिरावे. आणि हे साधते ते मागे निवारा आहे म्हणूनच. मुक्काम हे गाठण्याचे ठिकाण आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण ते परतण्याचेही ठिकाण आहे, किंबहुना प्रथम तेच आहे.

अलीकडे ह्या जुन्या गणिताला एक नवी अडचण आली आहे. मोटारीचा रस्ता आता खातीजवळ खरकियापर्यंत पोहोचला आहे, त्यामुळे पुष्कळ लोक लोहारखेत-धाकुडीची मजल गाळतात. एक दिवस वाचतो हे खरे, पण पाय आणि श्वास ज्या दिवशी तयार व्हावयाचे तोच दिवस वाचविला जातो. मग वाचलेल्या दिवसाच्या लोभाने पुढचे दोन मुक्काम एकात गुंडाळण्याचा मोह होतो. आमचे सांगणे असे, की रस्त्याने दिलेला दिवस खातीला किंवा द्वालीला खर्च करावा. आणखी एक : जून २०१३ च्या महापुरात उत्तराखंडातील कितीतरी पूल व वाटा वाहून गेल्या, आणि दरवर्षीचा पाऊस त्यांत भर घालतो. म्हणून पूल उभा आहे का, विश्रामगृह उघडे आहे का, परवाना कोठे मिळतो, हे बागेश्वरला व खातीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत आणि पावसाळा सरल्यावर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर, हे दोन हंगाम ह्या वाटेला योग्य.

तयारी मात्र घरापासून करता येते. आपला जिल्हा डोंगराळ म्हणून प्रसिद्ध नसला तरी अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येथवर आलेले आहेत, आणि त्यांवर एक मोठी मौज आहे. काटेपूर्णा आपल्याच जिल्ह्यात उगम पावून उत्तरेस पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रात जाते. अडाण व अरुणावती ह्याही आपल्याच, पण त्यांचे पाणी पैनगंगेतून, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. ह्या पाणलोटाच्या धारेवरून एक दिवसाची फेरी काढावी. शाळेतल्या मुलांना भूगोल पायांनी शिकविता येईल. टेकडी लहान आहे म्हणून नाउमेद होऊ नये. पन्नास मीटरांची टेकडी बारा वेळा चढली-उतरली की ६०० मीटर भरतात, आणि नेस्मिथचा नियम आपल्या पायांवर पडताळून पाहता येतो. ह्या फेऱ्या पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात काढाव्यात. वैशाखातील दुपार ही उष्माघाताची वेळ आहे, सरावाची नव्हे.

त्यानंतरची पायरी सातपुड्याची. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथून गाविलगड आणि अकोट तालुक्यातील नरनाळा हे दोन्ही किल्ले एकेका दिवसाच्या फेरीस उत्तम. मात्र मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असल्याने रानात वाटेल तेथे पायी शिरता येत नाही; वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या ह्यांखेरीज जाऊ नये. सह्याद्रीत मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारख्या संस्था मुक्कामावरून मुक्कामावर जाणाऱ्या पदयात्रा काढतात. युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील पदयात्रांत तर महाराष्ट्रातील माणसे वर्षानुवर्षे जात आली आहेत. नवख्याने प्रथम अशा संघटित गटाबरोबर जाणे शहाणपणाचे.

शेवटी दोन शब्द ज्यांच्या डोंगरात आपण जातो त्यांच्याविषयी. पिंडारीच्या वर एक खिंड आहे, तिला ट्रेल यांचे नाव आहे. हे कुमाऊंचे इंग्रज अधिकारी १८३० साली ती ओलांडून गेले. त्यांना वाट दाखविणारा सुपी गावचा मलक सिंह होता असे सांगतात. नकाशावर त्याचे नाव नाही. आजही आपले ओझे वाहणारा, चूल पेटविणारा आणि ढग पाहून थांबा म्हणणारा माणूस त्याच गावांचा असतो. त्याच्या पाठीवर आपण उचलू शकणार नाही एवढे ओझे देऊ नये, त्याच्या पायांत बूट व अंगावर पांघरूण आहे ना हे पाहावे, आणि तो थांबा म्हणाला की थांबावे. उंचावरच्या कुरणांना तिकडे बुग्याल म्हणतात. तंबूंनी व कचऱ्याने ती नासू लागली, तेव्हा २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. ठरलेल्या छपराखाली झोपणे हे आपल्या सुरक्षिततेइतकेच त्या गवताच्याही हिताचे आहे. प्लॅस्टिकचा कागद तेथे कुजत नाही. तो आपल्याबरोबर वाशीमपर्यंत आला तर लाज वाटण्याचे कारण नाही.

सारांश, हिमालय आपल्याकडून फार मोठ्या शक्तीची अपेक्षा करीत नाही. तो हिशेबाची अपेक्षा करतो : मजल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी मोजावी, दुपारच्या आत छप्पर गाठावे, उंची हळूहळू वाढवावी, आणि परतण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी. एवढे पाळणारा गट झीरो पॉइंटपर्यंत जाईलच असे नाही. पण तो सगळाच्या सगळा घरी येईल, आणि हिमनदी पुढच्या सुटीतही तेथेच असेल.